मेंढरांचा पाळणा

अशा जवळ सरका बायांनो. उंबऱ्यावर कुणी बसू नका, आत या, भिंतीकडेला जागा आहे. पाळणा बांधून व्हायला अजून अवकाश आहे. बाळाच्या आत्याची गाडी घाटातच आहे म्हणतात, आणि घुगऱ्या शिजल्याशिवाय तुम्हाला कुणी उठू देणार नाही. तोवर मी एक गोष्ट सांगते. कीर्तनात बुवा उत्तररंगाला आख्यान लावतात, तसं समजा. माझ्याकडं चिपळ्या नाहीत आणि गळाही आता राहिला नाही, पण आख्यान आहे.

त्या कोनाड्यात टोपडं घालून ठेवलेला वरवंटा दिसतोय ना, त्याची गोष्ट. बाळाची आजी, माझी धाकटी जाऊ हौसा, होती तोवर ही माझ्या ओठांवर आली नाही. जाताना तिनंच सांगून ठेवलं, ‘अक्का, राघूच्या लेकराच्या बारशाला सांगा. तवाच सांगा.’ म्हणून सांगते.

त्या दिवशी माझा धाकटा दीर, हौसाचा नवरा सिदा, टेम्पोतून लोखंडाचा एक सांगाडा उतरवत होता. सासरे, आमचे मामंजी, बोरीखाली बसले होते. उजवा हात गळ्यात बांधलेला. एडक्याची खुरं छाटायला त्याला उताणा पाडताना एडक्यानंच मामंजींना उताणं पाडलं होतं. भटकणं सोडून आम्ही या माळावर वस्ती करून राहिलो त्याला बराच काळ झाला होता, पण मेंढरं सुटली नव्हती. लहानसा कळप होता. त्याच्या खुरांत चिखल्या व्हायच्या, खुरं सडायची. खूर छाटायचा तर मेंढरू उलटावं लागतं, आणि उलटणारा हात आता मोडका झाला होता.

“काय रं ह्ये? उसाचा चरक?” मामंजी म्हणाले.

“मेंढरं उलटायचं यंत्र हाय आण्णा. मी केलंय. दुकानात उरलेल्या पायपांचं.” सिदा तालुक्याला एका वेल्डिंगच्या दुकानात कामाला होता.

“मेंढरू उलटायला यंत्र. उद्या जेवायला घालायला आणशील.”

“तुमी पडला तवा कोण आलं हुतं धरायला?”

सिदानं आणि आमच्या मालकांनी मिळून दोन खांब जमिनीत पुरले आणि त्यांच्यामध्ये आडव्या आसावर, दोन बिजागऱ्यांत तो पिंजरा टांगला. मग एक मेंढी आणली. तिला एका अंगानं आत घेतलं, बाजूची जाळी तिच्या पोटाला लागेपर्यंत ढकलली, मान एका दांडीखाली घेतली. मग सिदानं लांब दांडा खाली ओढला. सबंध पिंजरा करकरत फिरला आणि मेंढी चारी पाय आभाळाकडं करून गप पडली. ओरडलीसुद्धा नाही. तिचे डोळे मात्र असे झाले होते की मला बघवेनात.

“दांड्याला ह्यो आकडा लावायचा,” सिदा समजावून सांगत होता. “आकडा न्हाई बसला तर दांडा हातानं दाबून धरायचा. पिंजऱ्याचं वजन एका अंगाला हाय. सुटला तर आपसूक पुढं फिरतोय, आन् दांडी सरळ गळ्यावर येतीय.”

“आन् उताणं लय येळ ठेवायचं न्हाई,” मामंजी म्हणाले. “पोट फुगून जीव जातो.” तरी त्यांचा चेहरा खुलला होता. डाव्या हातानं त्यांनी पिंजरा हलकेच झुलवला. “आरं, ह्यो तर पाळणा झाला. जलमभर मेंढरांनी मला लोळवलं, आता मी त्यांला झोपवतो. जो जो रं बाळा.”

सगळे हसले. मीही हसले. सासूबाई मात्र चुलीपाशी उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत. धुरपदा त्यांचं नाव. आम्ही दोघी जावा त्यांना आत्याबाई म्हणत असू.

“दुसरं नाव ठेवा त्येला,” त्या म्हणाल्या.

“का गं?”

“घरात पोटुशी हाय. बाळाच्या आधी घरात पाळणा आणत न्हाईत.”

“आई, मेंढरांचा हाय ह्यो,” सिदा म्हणाला.

“पाळणा म्हणलं की पाळणा.”

हौसा दाराच्या आडून बघत होती. तिचा हात पोटावर होता. तिला आधीची दोन गेली होती. एक पोटातच, एक जन्मून डोळे न उघडता. दुसऱ्या वेळी खालच्या वस्तीवरची एक बाई पाणवठ्यावर बोलून गेली होती, ‘धाकटी पुन्हा गाभडली का गं?’ हा शब्द जनावराला लावतात, माणसाला नाही. आत्याबाईंनी हातातली कळशी खाली ठेवली आणि त्या बाईची कळशी उचलून विहिरीत टाकली. घरी येऊन रात्रभर हौसाच्या उशाशी बसून होत्या. आता हे तिसरं. आत्याबाईंनी तिला पाण्याची घागर उचलू दिली नव्हती, की शेणाला हात लावू दिला नव्हता. हे मूल जगावं, एवढंच एक मागणं त्या घरात उठता-बसता चाललं होतं.

नाव काही बदललं नाही. मामंजींनी गमतीनं ठेवलेलं नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. ‘पाळण्यात घाल’, ‘पाळण्यातनं काढ’. आणि माळावर वारं सुटलं की तो रिकामा पाळणा आपला आपण झुलायचा. कर्र, कर्र. जेवताना घास हातातच राहायचा.

तुम्हाला सांगायला नको, रिकामा पाळणा हलवत नाहीत. का हलवत नाहीत ते कुणी उच्चारत नाही. आत्याबाईंनीही उच्चारलं नाही. त्यांनी आमचा वरवंटा घेतला, त्याला जुन्या लुगड्याच्या चिंधीचं टोपडं बांधलं आणि पिंजऱ्यात नेऊन ठेवला. बारशाला आधी वरवंटा पाळण्यात निजवतात ना, तसा. वजनानं पिंजरा झुलायचा थांबला.

“दगड ठिवून काय हुणार, आई?” सिदा म्हणाला.

“दगड न्हाई त्यो. गोपाळ हाय.”

घरात वरवंटा एकच. सकाळी वाटणाला आत यायचा, वाटून झालं की पुन्हा बाहेर. पण आत्याबाईंचा एक नेम होता. बाहेर न्यायच्या आधी तो दोन पाण्यांनी धुवायचा, पदरानं कोरडा करायचा, वास घेऊन बघायचा. एकदा मी घाईनं नुसता पुसून नेऊ लागले तर त्यांनी वाट अडवली.

“तिखटाच्या हातानं लेकराला उचलती का तू?”

“आत्याबाई, मेंढरांच्या पिंजऱ्यात तर ठेवायचाय.”

“धू.”

मी धुतला.

मग काजळीचं झालं. काजळी म्हणजे डोळ्याभोवती काळं असलेली एक मेंढी. ती लंगडत होती म्हणून सिदानं तिला पाळण्यात घालून उलटी केली. ती गाभण होती हे त्याला कळलं नाही, तिचं पोट दिसत नव्हतं. खूर छाटून होईस्तोवर मालकांनी त्याला हाक मारली, दोघं काहीतरी बोलत राहिले, आणि मेंढी तशीच उताणी राहिली. दुसऱ्या दिवशी ती गाभडली. हौसा नेमकी परसदारी गेली होती. मातीत पडलेलं ते तिनंच पहिल्यांदा पाहिलं. परत आली तेव्हा तिच्या तोंडावर रंग नव्हता.

आत्याबाई मामंजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“गाभण मेंढरू ह्यात घालायचं न्हाई.”

“न्हाई घालत.”

“मोडून टाका ह्ये.”

“हात बरा हुईस्तवर ऱ्हाऊ दे. मेंढरांची खुरं सडत्यात धुरपदे.”

“त्येचा आकडाबी सैल झालाय. वाऱ्यानं निसटतोय.”

“रामनवमी झाली की डाग मारतो, आई,” सिदा म्हणाला. “सप्त्यात लोखंडाला हात लावायचा न्हाई म्हणत्यात ना.”

असं कुठं म्हणत नाहीत. पण गावात सप्ताह बसला होता, सिदा पखवाजाला बसायचा, आणि घरी आला की झोपायचा. मंदिराच्या नावानं कुणी काही सांगितलं की आत्याबाई कधी वाद घालत नसत.

आम्ही दोघी सासू-सुना कीर्तनवेड्या. मला कीर्तनाची गोडी त्यांनीच लावली. लग्न होऊन आले तेव्हा मी मुकी होते म्हणा ना. त्यांनी मला हाताला धरून देवळात नेलं, टाळ कसा धरायचा ते दाखवलं. बुवा पूर्वरंगात अभंग सोडवून सांगायला लागले की त्या डोळे मिटायच्या, आणि आख्यान लागलं की उघडायच्या. रामजन्माचं कीर्तन तर त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. दुपारी बाराला बुवा जन्म लावतात, गुलाल उधळतो, आणि बाया एकेक करून पाळण्याची दोरी ओढतात. आधीच्या दोन्ही खेपांना हौसाच्या नावानं ती दोरी आत्याबाईंनी ओढली होती.

त्या रामनवमीला त्या सकाळीच पाट्याशी बसल्या. सप्त्याच्या पंगतीला आमच्या घरची चटणी असायची, शेंगदाण्याची, लसूण घालून. टोपलंभर वाटली. उठताना कंबर धरली आणि मला म्हणाल्या, “तू जा. मी घरी थांबते हौसापाशी.”

“तुम्ही जावा आत्याबाई. मी थांबते. वर्षाचं कीर्तन.”

“न्हाई. दोन डाव ह्या हातानं दोरी ओढली.” त्यांनी आपला हात बघितला. वाटणानं लाल झाला होता. “आवंदा तुझा हात लागू दे. तिच्या नावानं वढ. आन् म्हण जोरात. हितं ऐकू आलं पायजे.”

“भोंगा हाय की.”

“म्हणून तर सांगते.”

मी चटणीचं टोपलं डोक्यावर घेतलं. मामंजी, मालक, सिदा आधीच गेले होते. खालच्या वस्तीवर चिटपाखरू नव्हतं, सगळी देवळात. उतारावरून मागं वळून पाहिलं तर आत्याबाई अंगणात उभ्या होत्या. हौसा सावलीत पाय पसरून बसली होती, पाय सुजलेले. तिला आठवा सरत आला होता. आणि बोरीपलीकडं तो पाळणा. हलत नव्हता. वारं पडलं होतं.

देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. बुवा वयस्क होते, पण आवाज खणखणीत. त्यांनी कौसल्येचं वाट पाहणं असं सांगितलं की बायांचे पदर डोळ्यांना गेले. राजवाड्यात सगळं होतं, ते म्हणाले, फक्त एक आवाज नव्हता. लेकराच्या रडण्याचा. त्या शांततेला राजा भीत असे.

बारा वाजायला आले तसं वारं उठलं. आधी मांडवाचं कापड फडफडलं, मग माळावरून वावटळ आली आणि देवळाच्या दारातून धूळ आत शिरली. बुवांनी जन्म लावला. गुलाल वर उडाला तो वाऱ्यानं एकाच बाजूला नेला, बायांच्या अंगावर. माझ्या पांढऱ्या चोळीवर मोठा डाग पडला. दोरी माझ्या हातात आली तेव्हा बुवांनी माईक बायांकडं वळवला. मी हौसाचं नाव मनात घेतलं आणि म्हणू लागले. पाळण्याची जी जी कडवी आत्याबाईंनी शिकवली होती, ती सगळी म्हटली. संपली तर पहिल्यापासून पुन्हा म्हटली. भोंग्यातून माझा आवाज माळावर जातोय, आत्याबाई ऐकत असतील, एवढंच डोक्यात होतं. दुसऱ्या बायांनी दोरी मागितली, मी दिली नाही. आज एवढी ओढू द्या म्हटलं.

सुंठवडा पानात बांधून मालक आणि मी परत निघालो. चढावर मालक थांबले.

“मेंढरं का गप हाईत?”

मेंढरं मेंढवाड्याच्या जाळीच्या एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभी होती. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. एकही ओरडत नव्हतं.

आधी मला हौसा दिसली. ती पाळण्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली होती, पाठ मेंढरांच्या पाण्याच्या दगडी डोणीला टेकलेली. दोन्ही तळवे वर करून मांडीवर ठेवले होते. तळव्यांची सालं निघाली होती.

मग पाळणा. तो उलटा झाला होता. आत्याबाई कमरेपासून वर त्याच्या आत होत्या, पाय बाहेर जमिनीला टेकलेले. लेकराला घ्यायला बाई पाळण्यात वाकते, तशा वाकलेल्या. मालक धावत गेले. मी जागची हलले नाही. मला कळलं होतं.

हौसानं सांगितलं ते मी तुम्हाला तिच्याच शब्दांत सांगते, कारण पुढं जो जो विचारायला आला त्याला तिनं हेच सांगितलं.

“वारं सुटलं. आकडा निसटला आन् पाळणा झुलाया लागला. आत्याबाई म्हणाल्या, हलतोय बघ. त्या पळाल्या. हातानं धरला तर थांबंना, म्हणून आत वाकल्या, अंगाचं वजन टाकाया. तर त्यो फिरला. जाळी पाठीवर बसली. दांडी गळ्याला लागत हुती. मी दांडा धरला, खाली दाबला. सोडला आसता तर…” इथं ती थांबायची. “लय येळ धरला. हाका मारल्या. भोंग्यावर पाळणा चालला हुता, कुणाला ऐकू जाणार. मग आत्याबाई म्हणाल्या, वरवंटा अडकलाय बघ बिजागरीत, आता न्हाई फिरायचा, सोड तू. म्हणून मी सोडला.”

“निसटला आसंल वरवंटा,” मालक म्हणाले.

“निसटला,” सिदाबरोबर मागून पोचलेले मामंजी म्हणाले. त्यांनी आत्याबाईंच्या डोक्यावरचा पदर नीट केला आणि तोंड फिरवलं.

कुणी आणखी विचारलं नाही. माणसं जमू लागली होती, आणि हौसाला कळा सुरू झाल्या होत्या. कुणीतरी जीप आणायला धावलं. मला म्हणाले, पाणी आण तिला. मी आत गेले.

पाट्यावर वरवंटा होता.

सकाळी आत्याबाईंनी ठेवला होता तसाच, आडवा. त्याला चटणी लागलेली होती आणि ती वाळून काळपट झाली होती. त्यावर एक माशी बसली होती. टोपड्याची चिंधी बाजूला खुंटीला होती.

पाणी घ्यायचं विसरून मी बघत उभी राहिले. न धुता त्यांनी तो कधीच बाहेर नेला नसता. म्हणजे तो बाहेर गेलाच नव्हता. बिजागरीत अडकायला तिथं काही नव्हतं.

बाहेर हौसा ओरडली. मी घागरीतलं पाणी वरवंट्यावर ओतलं, चोळून धुतला, पदरानं पुसला. माझ्या चोळीवरचा गुलाल आणि ती चटणी, पाणी सगळं एकाच रंगाचं वाहिलं. चिंधी बांधली, पदराखाली घेतला आणि माणसं हौसाला जीपमध्ये चढवत होती तेव्हा पाळण्याखालच्या धुळीत नेऊन ठेवला. आत्याबाई जाता जाता हौसाला जे सांगून गेल्या, ते तिच्यासाठी खरं राहावं, एवढंच माझ्या मनात आलं.

सिदाला तो सापडला. “ह्यो बघा,” तो म्हणाला आणि तो हातात धरून मातीत बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानातून गॅस आणला आणि तो पाळणा तुकडे तुकडे करून कापला. खांबसुद्धा उपटले. मामंजींनी हात बरा झाल्यावर पुन्हा गुडघ्यात धरून मेंढरं उलटवली, जमलं तेवढी. नाही जमली ती विकली.

त्या दिवशी कळा थांबल्या. डॉक्टरांनी हौसाला महिनाभर निजवून ठेवलं, आणि मग राघू झाला. तुमचा राघू, हाच, जो आता बाहेर मांडवाला दोरी बांधतोय. बारशाला वरवंटा मी निजवला. हौसा माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही.

वर्षं गेली. मामंजी गेले, सिदा गेला. हौसा आणि मी एका ताटात जेवलो, एकमेकींच्या डोक्याला तेल लावलं, पण त्या दुपारचं बोलणं आमच्यात कधी झालं नाही. मला वाटायचं, मी तिच्यापासून एक गोष्ट झाकून ठेवली आहे, आणि तिचं झाकण मी मरेपर्यंत धरून ठेवायचं.

गेल्या पौषात तिनं अंथरूण धरलं. मी उशाशी बसून भजन म्हणत होते. तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

“अक्का, त्यो वरवंटा तुमी धुतला हुता न्हवं?”

माझं भजन थांबलं.

“सिदाच्या हातात बघितला मी, जीपमधनं. चिंधी वल्ली हुती.”

“तुला कवापास्नं ठाऊक?”

“तवापास्नंच. त्याच्या आधीपास्नं.” तिनं थोडा दम घेतला. “तुमी देवळात गेला, आन् मी पाणी प्यायला आत निघाले. तर आत्याबाईंनी बजावलं, वरवंटा पाट्यावर हाय, त्याला हात लावू नगंस, जड हाय, मागनं मी धुऊन ठिवीन. मी बघितला की त्यो पाट्यावर.”

“म्हंजी…”

“म्हंजी तितं काय न्हवतं, अक्का. मला ठाऊक हुतं. आन् मला ठाऊक हाय, ह्ये त्यांला ठाऊक हुतं. त्यांनीच तर सांगितलं हुतं.”

बाहेर कुठंतरी शेळी ओरडली. हौसा छताकडं बघत होती.

“दांडा दाबून धरला हुता. तुमचा आवाज येत हुता भोंग्यावर. तुमी पहिल्यापास्नं पुन्यांदा म्हणाया लागला. तवा पोटात कळ आली. जोराची. खाली वलं झाल्यासारखं वाटलं. मी काय बोलले न्हाई, पर आत्याबाईंची मान माझ्याकडं वळल्याली हुती. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. आधी म्हणत हुत्या, सोड, सोड, आन् मी न्हाई न्हाई म्हणत हुते. मग त्या सोड म्हणायच्या थांबल्या. म्हणाल्या, वरवंटा अडकलाय बघ.”

“आन् तू?”

“मी म्हणलं, व्हय का? त्या म्हणाल्या, व्हय. अगदी घरातल्यावानी बोलत हुतो आमी. मी म्हणलं, घट हाय का? त्या म्हणाल्या, घट हाय. पाळणा रिकामा न्हाई आता. सोड.” हौसानं डोळे मिटले. “मी म्हणलं, बरं.”

मला वाटलं झोपली. मग म्हणाली, “राघूच्या लेकराच्या बारशाला सांगा. मी सांगितलं आसतं, पर माझ्यानं ‘बरं’ म्हणल्यालं म्हणवायचं न्हाई पुन्यांदा.”

गाडी आली वाटतं. व्हय, आत्याच आली बाळाची. उठा बायांनो, पाळणा बांधून झालाय. आता वरवंटा निजवायचा, मग पाळण्याखालून वरून एकमेकींच्या हातात द्यायचा. देता-घेताना त्याला गोपाळ म्हणता तुम्ही, म्हणा. पण या घरात पहिल्या फेरीला त्याला धुरपदा म्हणा, आणि मग तो जिच्या हातात जाईल तिनं मनात एकदा हौसाचं नाव घ्यावं. रामजन्माला कुठल्याही देवळात दोरी हातात आली, तर तेव्हाही घ्या. मी असेन नसेन.

घ्या. भिऊ नका, हातात घ्या. सकाळीच दोन पाण्यांनी धुतलाय.